गृहशिक्षण आणि कौटुंबिक शैक्षणिक सहल : दिल्ली परिसराचा अभ्यास

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर विद्यार्थ्यांना पुढील गोष्टी करता येतील :

- गृहशिक्षणाची भारतातील कायदेशीर स्थिती सांगणे.
- करमणुकीची सहल आणि शैक्षणिक क्षेत्रभेट यांतील फरक स्पष्ट करणे.
- दिल्ली परिसरातील स्थळांच्या आधारे क्षेत्रभेटीचे नियोजन करणे.
- अशा भेटींच्या मर्यादांची चर्चा करणे.

१. प्रस्तावना

मुलाला शाळेत न पाठवता पालकांनी त्याच्या शिक्षणाची जबाबदारी स्वतः घेणे म्हणजे गृहशिक्षण. नावात 'गृह' असले तरी हे शिक्षण घराच्या चार भिंतींत पुरे होत नाही. शाळेकडे प्रयोगशाळा, ग्रंथालय, मैदान आणि वेगवेगळ्या विषयांचे शिक्षक असतात. घरी यांपैकी फार थोडे असते. ही उणीव भरून काढण्यासाठी असे कुटुंब शहराकडे वळते. संग्रहालय, किल्ला, नदीकाठ, रेल्वे स्थानक ही त्यांची प्रयोगशाळा होते.

त्यामुळे शाळेची वार्षिक सहल आणि गृहशिक्षण घेणाऱ्या कुटुंबाची सहल यांचे स्थान सारखे नाही. शाळेची सहल वाया गेली तरी उरलेले वर्ष अभ्यासक्रम चालूच असतो. गृहशिक्षणात मात्र भेट हाच अभ्यासक्रमाचा एक भाग असतो. ती नुसते हिंडणे झाली, तर शिक्षणाचा तेवढा भाग कोरा राहतो आणि ते दाखवून देणारे बाहेरचे कोणी नसते.

२. कायद्याची चौकट

२००२ सालच्या ८६ व्या घटनादुरुस्तीने कलम २१अ घटनेत आले आणि ६ ते १४ वर्षे वयाच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला. त्याच दुरुस्तीने पाल्याला शिक्षणाची संधी देणे हे पालकांचे मूलभूत कर्तव्य ठरवले. हा हक्क अमलात आणणारा २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १० नुसार पाल्याला नजीकच्या शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य आहे. मात्र ते न केल्यास पालकांना शिक्षा करण्याची तरतूद कायद्यात नाही. गृहशिक्षणाला स्वतंत्र मान्यता देणारे किंवा त्याचे नियम ठरवणारे कलमही या कायद्यात नाही. म्हणून भारतात गृहशिक्षण धूसर अवस्थेत आहे.

प्रमाणपत्राचा प्रश्न बहुतेक वेळा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत म्हणजे एनआयओएसमार्फत सोडवला जातो. १९८९ मध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यालय म्हणून सुरू झालेल्या या संस्थेचे मुख्यालय दिल्लीला लागून असलेल्या नोएडात आहे. माध्यमिक स्तरावर प्रवेश घेण्यासाठी वयाची १४ वर्षे पूर्ण असावी लागतात. याचा अर्थ असा, की तोपर्यंतच्या वर्षांत मुलाने काय शिकले याचा पुरावा कुटुंबानेच तयार करून जपायचा असतो.

३. सहल केव्हा शैक्षणिक होते?

अनुभवातून शिकण्याचा विचार आपल्याकडे नवा नाही. १९३७ मध्ये वर्धा येथे मांडल्या गेलेल्या नई तालीममध्ये हस्तोद्योग शिक्षणाच्या केंद्रस्थानी होता. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या परिसरात 'कुरणशाळा' चालवली. गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून शाळाच कुरणात गेली.

अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांनी १९३८ मधील 'एक्स्पिरिअन्स अँड एज्युकेशन' या पुस्तकात एक महत्त्वाची मर्यादा दाखवली. प्रत्येक अनुभव शिक्षण देतोच असे नाही. पुढच्या अनुभवाची वाट मोकळी करणारा अनुभवच शैक्षणिक ठरतो. संग्रहालयातील अध्ययनाचे अभ्यासक फॉक आणि डिअर्किंग यांच्या मते भेटीतून काय शिकले जाते हे तीन गोष्टींवर ठरते : पाहणाऱ्याचे पूर्वज्ञान व आवड, सोबत असलेली माणसे आणि प्रत्यक्ष जागा.

या विचारांतून व्यवहारात वापरता येतील अशा तीन कसोट्या मिळतात. भेटीपूर्वी मुलाजवळ एक प्रश्न असावा. भेटीत त्याने स्वतः काही मोजावे, रेखाटावे किंवा तुलना करून पाहावी. भेटीनंतर त्या नोंदींतून काहीतरी निष्कर्ष निघावा.

४. दिल्ली परिसरातील तीन उदाहरणे

४.१ जंतरमंतर : सावलीवरून भूगोल

सवाई जयसिंह (दुसरे) यांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात दिल्लीची ही वेधशाळा उभारली. तेथील सम्राट यंत्र म्हणजे एक प्रचंड सूर्यघड्याळ. त्याची तिरपी भिंत पृथ्वीच्या अक्षाला समांतर आहे. म्हणून तिचा जमिनीशी होणारा कोन दिल्लीच्या अक्षांशाएवढा, सुमारे २८.६ अंश आहे.

येथे विचारण्याजोगा प्रश्न असा : सूर्यघड्याळ आणि मनगटी घड्याळ यांची वेळ जुळते का? भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर ठरते आणि दिल्ली सुमारे ७७.२ अंशांवर आहे. एका अंशाला ४ मिनिटे, म्हणजे ५.३ अंशांना सुमारे २१ मिनिटे. पण हा फरकही वर्षभर सारखा नसतो. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा अक्ष कललेला आहे, म्हणून दिल्लीत सूर्य माथ्यावर येण्याची वेळ नोव्हेंबरच्या सुरुवातीस सुमारे १२.०५, तर फेब्रुवारीच्या मध्यास सुमारे १२.३५ असते. एका भेटीत हे कळत नाही. शाळेला वर्षातून दोनदा तेथे जाणे कठीण, कुटुंबाला सोपे आहे.

हाच प्रयोग पुढे नेता येतो. समजा, दिल्लीतील मराठी कुटुंबाचे आजोळ पुण्यात आहे. २१ मार्चला दोन्ही ठिकाणी १ मीटर उंचीची काठी सरळ उभी करावी आणि दिवसातील सर्वांत आखूड सावली मोजावी. दिल्लीत ती सुमारे ५५ सेंटीमीटर, पुण्यात सुमारे ३३ सेंटीमीटर भरेल. आलेखाच्या कागदावर त्रिकोण काढून कोनमापकाने मोजल्यास दोन कोनांत सुमारे १० अंशांचा फरक मिळतो. या दोन शहरांमधले दक्षिणोत्तर अंतर नकाशावर सुमारे १,१२० किलोमीटर आहे. १० अंशांना एवढे, तर ३६० अंशांना किती? उत्तर पृथ्वीच्या सुमारे ४०,००० किलोमीटर परिघाच्या जवळ येते. रस्त्याचे अंतर घेतले तर उत्तर का चुकते, हा त्यानंतरचा प्रश्न.

४.२ पानिपत आणि पटपडगंज : स्मारक कोण उभारते?

दिल्लीहून सुमारे ९० किलोमीटरवर असलेला पानिपत जिल्हा राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातच मोडतो. १५२६, १५५६ आणि १७६१ अशा तीन लढाया तेथे झाल्या. १४ जानेवारी १७६१ च्या लढाईशी 'काला आंब' या जागेचे नाव जोडले जाते. ज्या झाडावरून हे नाव पडले ते आंब्याचे झाड आता नाही, तेथे स्तंभ आहे. मराठी घरातील मुलांच्या कानावर 'पानिपत झाले' हा वाक्प्रचार लहानपणापासून असतो. तो शब्द जागेवर नेऊन तपासणे हा या भेटीचा गाभा.

त्यानंतर अवघ्या चार दशकांनी, ११ सप्टेंबर १८०३ रोजी, यमुनेच्या पूर्वेस पटपडगंज भागात जनरल लेक याच्या इंग्रज सैन्याने दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि दिल्ली इंग्रजांच्या हाती गेली. या लढाईचा स्मारकस्तंभ आज नोएडातील गोल्फ कोर्सच्या आवारात आहे. तेथे जाण्यापूर्वी परवानगीची चौकशी करावी.

या दोन जागा शेजारी ठेवल्या की प्रश्न आपोआप उभे राहतात. पानिपतावर आज मुख्यतः पराभूतांची आठवण जपली जाते, तर पटपडगंजचा स्तंभ विजेत्यांची. एक पराभव मराठी भाषेत रुतून बसला, दुसरा जवळजवळ विसरला गेला. असे का व्हावे? दहा-बारा वर्षांच्या मुलाला याचे पूर्ण उत्तर देता येणार नाही. परंतु इतिहास म्हणजे केवळ सनावळी नव्हे, एवढे त्याला नक्की उमगते.

४.३ सुलतानपूर आणि ओखला : पुन्हा पुन्हा जाणे

गुरुग्राम जिल्ह्यातील सुलतानपूर राष्ट्रीय उद्यान २०२१ मध्ये रामसर पाणथळ क्षेत्र म्हणून घोषित झाले. नोएडाजवळचे ओखला पक्षी अभयारण्य यमुनेच्या काठी आहे. हिवाळ्यात दोन्हीकडे स्थलांतरित पक्षी येतात. ऑक्टोबर ते मार्च दर महिन्याला एकाच जागी, एकाच वेळी जाऊन पक्ष्यांची गणती केली, तर सहा नोंदींचा तक्ता तयार होतो. त्यातून स्तंभालेख, सरासरी आणि स्थलांतराची कल्पना असे गणित व जीवशास्त्र एकत्र येतात.

५. नियोजन

ऋतू : दिल्लीत मे-जूनमध्ये लू वाहते. नोव्हेंबर ते जानेवारी हवा वारंवार बिघडते. हवा गुणवत्ता निर्देशांक ३०१ ते ४०० असेल तर हवा 'अतिशय खराब' आणि ४०१ च्या पुढे 'गंभीर' मानली जाते. अशा वेळी शाळा बंद ठेवण्याचा आदेश शासन काढू शकते, पण गृहशिक्षणात तो निर्णय पालकांनाच घ्यावा लागतो. निर्देशांकाची रोजची नोंद ठेवणे हाही एक अभ्यास आहे. मोकळ्या जागेतील भेटींसाठी फेब्रुवारी-मार्च आणि ऑक्टोबरचा पूर्वार्ध त्यातल्या त्यात बरा.

वेळ व खर्च : शाळांच्या सहली हिवाळ्यात गर्दी करतात. कामाच्या दिवशी सकाळी लवकर जाण्याची मुभा या कुटुंबांना असते, तिचा उपयोग करावा. केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत १५ वर्षांखालील मुलांना प्रवेश विनामूल्य असतो. राष्ट्रीय संग्रहालयासह अनेक संग्रहालये सोमवारी बंद असतात.

प्रमाण : एका दिवसात एकच जागा आणि एकच मुख्य प्रश्न ठेवावा. कुतुबमिनार परिसरात गेल्यावर फक्त लोहस्तंभ पाहून परतले तरी चालेल. सुमारे ७ मीटर उंचीचे आणि ६ टनांहून जड असे ते गुप्तकालीन लोखंड गंजून का गेले नाही, हा प्रश्न एका दिवसाला पुरून उरतो. लोखंडातील फॉस्फरसमुळे पृष्ठभागावर संरक्षक थर तयार झाला, हे उत्तर घरी येऊन शोधता येते.

६. नोंद आणि मूल्यमापन

प्रत्येक भेटीची नोंद पुढील मुद्द्यांनुसार ठेवावी : दिनांक व जागा, सोबत नेलेला प्रश्न, मोजमापे व रेखाटने, मिळालेले उत्तर, उरलेला प्रश्न. नोंद मुलाने स्वतःच्या शब्दांत लिहावी. पालकांनी ती सुधारून सुबक करू नये, कारण वर्षभराच्या नोंदी एकत्र वाचल्या की प्रगती दिसते ती चुकांच्या बदलत्या स्वरूपातूनच. पुढे मुलाला शाळेत प्रवेश घ्यायचा झाला, तर हीच वही संवादाचा आधार ठरते.

७. मर्यादा

पहिली मर्यादा समवयस्कांची. आईवडिलांसोबत पाहिलेल्या जागेत मूल वाद घालायला, वाट पाहायला, दुसऱ्याचे ऐकायला कमी शिकते. दोन-चार कुटुंबांनी मिळून जाणे हा त्यावरील एक उपाय. दुसरी मर्यादा विषयांची. बीजगणित किंवा व्याकरण यांना नियमित सरावच लागतो, तो भेटींतून होत नाही. तिसरी सर्वांत मोठी, विषमतेची. कामाच्या दिवशी मोकळा असणारा पालक, प्रवासखर्च आणि पुस्तके ही साधने थोड्याच घरांत असतात, आणि अनेकदा त्यासाठी आईला नोकरी सोडावी लागते. म्हणून हा मार्ग सार्वत्रिक शिक्षणाला पर्याय होऊ शकत नाही. मात्र त्यातील पद्धत शाळांना घेता येईल. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी सुचवलेल्या दहा दप्तरविरहित दिवसांना अशा प्रश्नांची जोड दिली, तर सरकारी शाळेतील मुलालाही सम्राट यंत्राची सावली मोजता येईल.

८. सारांश

गृहशिक्षणात क्षेत्रभेट अभ्यासक्रमाचे काम करते, म्हणून तिला प्रश्न, मोजमाप आणि नोंद यांची शिस्त लागते. एकाच जागी पुन्हा जाता येणे हे कुटुंबाचे बळ आहे. बाहेरची तपासणी नसणे ही त्याची जोखीम आहे.

स्वाध्याय

१. शिक्षण हक्क कायद्याच्या संदर्भात गृहशिक्षणाची स्थिती स्पष्ट करा.

२. आपल्या गावाचा रेखांश शोधून स्थानिक वेळ आणि प्रमाणवेळ यांतील फरक काढा.

३. आपल्या जिल्ह्यातील एखाद्या स्मारकाची निवड करून ते कोणी, केव्हा व कशासाठी उभारले यावर आधारित क्षेत्रभेटीचा आराखडा तयार करा.

४. 'गृहशिक्षण सार्वत्रिक शिक्षणाला पर्याय होऊ शकत नाही.' या विधानाची चर्चा करा.