एक आज्ञा, अनेक दुभाषी

झाशीच्या इलाइट चौराह्यावर एखाद्या मराठी गृहस्थाने ‘शिक्षा’ हा शब्द उच्चारला, तर ऐकणाऱ्या हिंदी भाषिकाच्या मनात पाठशाळा उभी राहते. गृहस्थाच्या घरी मात्र त्याच शब्दाने मुलांना उठाबशा आठवतात. अठराव्या शतकात मराठी सत्तेबरोबर झाशीत आलेल्या कुटुंबांना हा अनुभव नवा नाही. युनिक्स कुळातील निरनिराळ्या संगणकांसाठी एकच आज्ञालेख लिहिणाऱ्यास नेमकी हीच अडचण येते.

आज्ञालेख म्हणजे संगणकाने क्रमाने पार पाडावयाच्या आज्ञांची यादी. ती वाचून अमलात आणणाऱ्या दुभाष्यास ‘शेल’ म्हणतात. १९७९ साली बेल प्रयोगशाळेच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर स्टीफन बोर्न यांचे शेल प्रसृत झाले. पुढे त्याचे वंशज वाढले व प्रत्येकाची बोली थोडी निराळी झाली. मजकूर छापणारी ‘एको’ ही साधी आज्ञाच घ्या. तिला ‘उणे एन’ ही खूण जोडली असता काही शेल नवी ओळ सुरू करीत नाहीत. काही तर ती खूणच छापून मोकळे होतात! १९९२ च्या ‘पॉसिक्स’ प्रमाणानेही हा तंटा मिटविला नाही. तेथे ‘प्रिंटएफ’ वापरावी, हे उत्तम.

छपाईतील चूक निदान डोळ्यांना दिसते. ऑक्टोबर २००६ मध्ये उबुंटू ६.१० या प्रणालीने संगणक लवकर सुरू व्हावा म्हणून ‘एसएच’ या नावामागील ‘बॅश’ शेल काढून ‘डॅश’ हे आटोपशीर शेल बसविले. नाव तेच, दुभाषी दुसरा. ज्या लेखांच्या पहिल्या ओळीत ‘एसएच’ आणि पोटात बॅशची बोली होती, त्यांतील कित्येक अडखळले. दोन शब्दांच्या तुलनेसाठी बॅशला दुहेरी बरोबर-चिन्ह चालते. डॅशला ते मान्य नाही. डॅश तक्रार नोंदविते, परंतु लेख सहसा थांबत नाही. तुलना असत्य ठरल्याप्रमाणे तो पुढची वाट धरतो. ‘स्थिती पूर्ण असेल तर प्रत ठेवावी, एरवी पुसावी’ असे लिहिले असल्यास पूर्ण झालेली प्रतही पुसली जाते, आणि रात्री आपोआप चालणाऱ्या कामाची तक्रार वाचावयास कोणी जागे नसते. एकेरी चिन्ह मात्र दोघांनाही कळते.

बॅशचीच बोली हवी असेल, तर पहिल्या ओळीत त्याचेच नाव घालावे. मात्र फ्रीबीएसडी प्रणालीत बॅश मुळात नसते आणि मागाहून बसविले तरी निराळ्या ठिकाणी राहते. म्हणून तेथे ठराविक पत्ता न लिहिता ‘एन्व्ह’ या आज्ञेकरवी त्याचा शोध घ्यावा लागतो.