हस्तांदोलनाचे कोडे

नाशिकजवळील ओझर येथे एका दांपत्याने दोन दांपत्यांस चहापानास बोलाविले, अशी कल्पना करावी. स्वतःच्या जोडीदाराशी कोणीच हस्तांदोलन केले नाही. यजमानांनी विचारता इतर पाच जणांनी आपली हस्तांदोलने 0, 1, 2, 3, 4 अशी निरनिराळी सांगितली. तर यजमानीणबाईंची किती?

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील (1150) रीतीने सहा जणांच्या जोड्या 15 होतात, परंतु तेवढ्याने हे कोडे सुटत नाही. 4 सांगणाऱ्याने जोडीदारावाचून सर्वांशी हात मिळविले. अर्थात् 0 सांगणारा त्याचाच जोडीदार. ही जोडी वगळताच बाकीच्यांचे एकेक हस्तांदोलन कमी होते. त्याच न्यायाने 3 व 1 हे दांपत्य ठरते. उरल्या यजमानीणबाई, त्यांची हस्तांदोलने 2!

सूत्र पाठ असले म्हणजे गणित आले, असे नव्हे. म्हणून आम्ही सुचवितो की, घरातील मुलांस हे कोडे अवश्य घालावे, उत्तर मात्र सांगू नये.