गाणं मोठ्यांचं, पोरांनी उचललेलं

जपानच्या प्राथमिक शाळेत दुपारचं जेवण वर्गातच होतं. पांढरा एप्रन आणि टोपी घातलेली पाळीची मुलं मोठ्या पातेल्यांतून भात, सूप, भाजी वाढतात. शिक्षकही तिथेच बसून तेच जेवतात. तेवढ्यात भिंतीवरच्या स्पीकरमधून शाळेचं स्वतःचं प्रसारण सुरू होतं. ते चालवतात पाचवी-सहावीची मुलं. आजच्या जेवणात काय आहे ते सांगायचं, एखादं कोडं घालायचं आणि मग वर्गावर्गांतून आलेल्या फर्माइशी वाजवायच्या. या फर्माइशींत बालगीतं फारशी नसतात. योआसोबी, आदो, मिसेस ग्रीन अ‍ॅपल, क्रीपी नट्स अशी जपानी पॉपमधली, मोठ्यांच्या आवडीची नावंच इथेही चालतात.

एखादं गाणं लोकप्रियतेच्या यादीत पहिलं येणं वेगळं, आणि पाठीला दप्तर लावून रांगेने घरी निघालेल्या सहा ते बारा वर्षांच्या पोरांच्या तोंडी बसणं वेगळं. तिथवर पोचलेलं गाणं आजी-आजोबांनाही पाठ होतं. गंमत अशी, की तिथवर पोचणारी कितीतरी गाणी मुलांसाठी मुद्दाम सोपी करून लिहिलेलीच नसतात. जी मुलांसाठी लिहिलेली असतात, त्यांतलीही तीच टिकतात, ज्यांत मुलांना कमी लेखलेलं नसतं.

याची साक्ष जुनी आहे. जपानच्या इतिहासात सर्वाधिक खपलेलं सिंगल आजही १९७५ सालचं 'ओयोगे! तायाकी-कुन' हेच आहे. फुजी टीव्हीच्या 'हिराके! पोन्किक्की' या मुलांच्या कार्यक्रमातलं हे गाणं. तायाकी म्हणजे माशाच्या आकाराच्या साच्यात भाजलेला, पोटात गोड सारण भरलेला खाऊ. रोज तव्यावर भाजून घ्यायला कंटाळलेला असा एक मासा दुकानदाराशी भांडून समुद्रात उडी मारतो, मोकळेपणा भोगतो आणि शेवटी गळाला लागून खाल्ला जातो. मुलांच्या कार्यक्रमात इतका उदास शेवट! पण मुलांना तो आवडला, आणि रोज तीच लोकल, तेच ऑफिस करणाऱ्या त्यांच्या वडिलांनाही त्यात आपलंच आयुष्य दिसलं. ४५ लाखांहून अधिक प्रती खपल्या. गायक मासातो शिमोन यांना मात्र ठरलेले ५० हजार येनच मिळाले, कारण करारात रॉयल्टीचं कलम नव्हतं. पुढे १९९९ मध्ये 'दांगो सान क्योदाई' आलं. एका काडीला टोचलेल्या तीन भावंडांची, म्हणजे तांदळाच्या तीन गोळ्यांची ती गोष्ट, चक्क टँगोच्या ठेक्यावर. त्याच्याही २९ लाखांच्या आसपास प्रती गेल्या.

अलीकडच्या काळात पोरांच्या तोंडी बसण्याचा हा मान 'पाप्रिका'चा. टोकियो ऑलिम्पिकच्या निमित्ताने एनएचके या सार्वजनिक वाहिनीने मुलांना घेऊन एक गाणं करायचं ठरवलं आणि ते काम गायक-गीतकार केन्शी योनेझु यांच्याकडे दिलं. २०१८ मध्येच 'लेमन' या मृत्यूवरच्या गाण्याने त्यांनी सारा देश हलवला होता. ऑगस्ट २०१८ मध्ये 'फूरिन' या पाच मुलामुलींच्या गटाच्या आवाजात 'पाप्रिका' आलं. त्यात ना खेळांचा जयजयकार आहे, ना देशाचा. आहे ती उन्हाळ्यातली खेडेगावातली संध्याकाळ, खेळून दमलेली पोरं आणि कुणाची तरी हुरहुर. योनेझु शिकोकू बेटावरच्या तोकुशिमाचे, आणि त्या मातीचा वास गाण्याला आहे.

चालीतही जुनं काही मुरलेलं आहे. आरोहावरोहात चौथा आणि सातवा स्वर गाळायची एक पद्धत जपानी शालेय गीतांत मेइजी काळापासून चालत आली. उरतात सा, रे, ग, प, ध. मराठी कानाला ही सरळसरळ भूपाची स्वरावली. 'पाप्रिका'त तिची छाया ठळक आहे, म्हणूनच नवं गाणं पहिल्यांदा ऐकतानाही ओळखीचं वाटतं. नाच बसवला कोहारू सुगावारा आणि तोमोहिको त्सुजिमोतो या नावाजलेल्या नर्तकांनी. उड्या, पसरलेले हात, फुलासारखी उमललेली ओंजळ अशा हालचाली. कुणाचा हात शेजाऱ्यापेक्षा अर्धा क्षण उशिरा गेला तरी काही बिघडत नाही. बालवाडीपासून सहावीपर्यंत सगळ्यांना हा नाच जमला तो यामुळेच. ३० डिसेंबर २०१९ ला 'जपान रेकॉर्ड अवॉर्ड'चा सर्वोच्च पुरस्कार या मुलांनी घेतला. इतक्या लहान वयाच्या गायकांना तो पूर्वी कधी मिळाला नव्हता. पण ऑलिम्पिक महामारीमुळे वर्षभर पुढे गेलं, आणि जुलै २०२१ मध्ये स्पर्धा सुरू होण्याआधीच, त्या वर्षीच्या मार्चमध्ये, फूरिनचं काम थांबलं. ज्या सोहळ्यासाठी गाणं लिहिलं, तो येईपर्यंत गाणारी मुलं मोठी झाली होती.

नाच हा या सगळ्यातला कळीचा भाग. शाळेचा क्रीडादिन, म्हणजे उन्दोकाई, हा लाल आणि पांढऱ्या टोप्यांच्या दोन संघांत रंगतो. धावणं आणि रस्सीखेचीबरोबर प्रत्येक इयत्तेचा समूहनाच असतो आणि त्यासाठी आठवडेच्या आठवडे तालीम चालते. प्राथमिक शाळेच्या शारीरिक शिक्षणात लयीवरच्या नाचाला जागा आहेच. २०१२ पासून त्यापुढच्या माध्यमिक टप्प्यातही नाच सक्तीचा झाला. त्यामुळे दरवर्षी कोणतं गाणं घ्यायचं, हा शिक्षकांपुढचा खराखुरा प्रश्न असतो.

२०१८ मध्ये दा पंप या गटाचं 'यू.एस.ए.' आलं तेव्हा हा प्रश्न चुटकीसरशी सुटला. मूळ चाल नव्वदच्या दशकातल्या एका इटालियन युरोबीट गाण्याची, गट जवळपास विस्मृतीत गेलेला. पण एका पायावर उड्या मारत दुसरा पाय गुडघ्यात वाकवून पुढेमागे झुलवायचा आणि अंगठा वर करायचा, ही एकच हालचाल मुलांनी उचलली आणि मैदानं दणाणून गेली. २०२४ च्या सुरुवातीला क्रीपी नट्सच्या 'ब्लिंग-बँग-बँग-बॉर्न'ने तेच केलं. हे 'मॅशल' या अ‍ॅनिमे मालिकेचं शीर्षकगीत. त्यातलं रॅप इतकं जलद, की मोठ्यांची जीभ अडखळावी. तिसरी-चौथीची मुलं ते न चुकता म्हणतात, कारण त्यांना ते जिभेचं आव्हान वाटतं. बिलबोर्ड जपानच्या यादीत हे गाणं तब्बल १९ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं.

मालिकांचा हात धरून गाणी घरात येतात, हे डोरेमॉनवर वाढलेल्या मराठी घरांनाही ठाऊक आहे. २०१९ मध्ये 'डीमन स्लेयर' ही अ‍ॅनिमे मालिका सुरू झाली आणि लिसा या गायिकेचं तिच्यातलं 'गुरेंगे' हे गाणं देशभर गाजलं. पुढच्या वर्षी त्याच मालिकेचा 'मुगेन ट्रेन' हा चित्रपट आला, त्याने जपानमध्ये ४,००० कोटी येनहून अधिक कमाई केली, आणि त्यातल्या 'होमुरा'ला वर्षाचा रेकॉर्ड अवॉर्ड मिळाला. तिसरीपासून जपानी मुलं शाळेत रेकॉर्डर नावाचं बासरीसारखं सुषिर वाद्य वाजवायला शिकतात. पाठ्यपुस्तकातली धून संपली की बोटं आपसूक अशा गाण्यांकडे वळतात, आणि रेकॉर्डरसाठी सोपी केलेली अ‍ॅनिमे गाण्यांची पुस्तकं दुकानांत रीतसर मिळतात.

मोठ्यांना हे सगळंच रुचतं असं नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये आदो या सतरा वर्षांच्या, चेहरा न दाखवणाऱ्या गायिकेचं 'उस्सेवा' आलं. ऑफिसातल्या वडीलधाऱ्यांच्या उपदेशाला वैतागलेल्या तरुणीचा हा संताप आहे, आणि शीर्षकाचा रोख 'गप बसा हो' असा उद्धट. बालवाडीतली मुलंही ते ओरडू लागली तेव्हा मुलांना हे ऐकू द्यावं का, यावर पालकांत वाद झडले. २०२१ च्या गाजलेल्या शब्दांच्या पहिल्या दहांत त्या शब्दाने जागा मिळवली. पण तो शब्द उच्चारणारी मुलं आईबापांना उलट बोलायला शिकत होती, असं मानायचं कारण नाही. आदोचा आवाज घशातून घोगरा होत एकदम वर झेपावतो, आणि मुलांना ती झेप घ्यायची होती. आपल्याला राग आला की तो असा मोकळा करता येतो, हे कुणीतरी सुरात दाखवलं होतं. त्याची गरज सात वर्षांच्या मुलालाही असते.

२०२४ चं 'हाई योरोकोन्दे' याहून पुढचं. कोच्ची नो केंतो या गायकाचं हे गाणं आतून कोलमडत असतानाही प्रत्येक कामाला 'हो, आनंदाने' म्हणणाऱ्या माणसाबद्दल आहे. मधला ठेका मोर्स लिपीतल्या मदतीच्या हाकेचा: तीन आखूड, तीन लांब, तीन आखूड. सोबत जुन्या शोवा काळातल्या कार्टूनच्या धाटणीचा व्हिडिओ आणि कुणालाही जमेल असा नाच. मुलांनी तो ठेका बाकांवर वाजवला, नाच अंगणात नेला, आणि वर्षअखेरीस गायकाला रेकॉर्ड अवॉर्डमध्ये सर्वोत्तम नवोदिताचा मान मिळाला. मदत कशी मागायची, हे पुस्तकातल्या पाठापेक्षा या नऊ ठोक्यांनी मुलांपर्यंत अधिक सहज पोचवलं असेल.

शाळेतून मोठ्यांकडे असा उलटा प्रवासही घडतो. १९९१ मध्ये साइतामा प्रांतातल्या चिचिबु इथल्या कागेमोरी माध्यमिक शाळेत मुख्याध्यापक नोबोरू कोजिमा यांनी निरोपाचं एक गीत लिहिलं, संगीताच्या शिक्षिकेने त्याला चाल दिली, आणि शाळा सोडून जाणाऱ्या मुलांसाठी ते शिक्षकांनीच गायलं. 'ताबिदाची नो हि नि' हे ते गाणं. हातोहात इतर शाळांत गेलं, प्राथमिक शाळांच्या निरोप समारंभांतही शिरलं, आणि पुढे स्मॅप या देशातल्या तेव्हाच्या सर्वांत मोठ्या पॉप गटांपैकी एकाने ते टीव्हीवरच्या जाहिरातीत गायलं.