हॅशरेट, वॅट आणि बाबांचं लाइट बिल



गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. आमच्या हॉस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावरच्या एका रूममधून रात्रभर पंख्याची घरघर ऐकू यायची. कडाक्याची थंडी, सीलिंग फॅन बंद, तरी आवाज चालूच! एका रात्री दार वाजवलं. आत दोन ज्युनिअर सतरंजीवर बसलेले, मधे उघडी कॅबिनेट आणि तिच्यात दोन सेकंडहँड ग्राफिक्स कार्डं.

"काऊन बे, काय करून राहिले?"

"मायनिंग, भाऊ. लाइट बिल तर कॉलेजच भरते न! म्हणजे सगळा प्रॉफिटच."

त्यांच्यावर ओरडायचा मला काही अधिकार नव्हता. २०२१ च्या लॉकडाऊनमध्ये सावलीला घरी बसून मीही हाच उद्योग केला होता. मायनिंग म्हणजे काय, त्याचं सॉफ्टवेअर कसं सेट करतात आणि शेवटी हिशोब कुठे येऊन थांबतो, ते या लेखात क्रमाने सांगतो. (मेकॅनिकल-सिव्हिलवाल्यांनीही वाचायला हरकत नाही, फार इलेक्ट्रॉनिक्स नाही!)

खोदतात तरी काय?

आपल्या जिल्ह्यात मायनिंग म्हटलं की दुर्गापूर, पद्मापूर, घुग्घुसच्या कोळसा खाणी डोळ्यांसमोर येतात. इथे कोणी काही खोदत नाही. बिटकॉइनसारख्या चलनाची खातेवही कोणा एका बँकेत नसते, ती हजारो कॉम्प्युटर्सवर असते. त्या वहीत पुढचं पान कोणी जोडायचं हे ठरवायला एक शर्यत लावतात. पानावरच्या व्यवहारांना एक आकडा जोडून गणिताच्या चरकातून काढायचं. बाहेर येणारं उत्तर, म्हणजे हॅश, ठरलेल्या मर्यादेपेक्षा लहान आलं तर जिंकलात. नाही आलं तर आकडा बदलून पुन्हा. विसरलेलं नंबर-लॉक ०००, ००१, ००२ असं फिरवत बसण्यासारखंच हे. यात हुशारी नाही, फक्त वेग आहे. सेकंदाला जितके प्रयत्न, तितका तुमचा हॅशरेट. जिंकणाऱ्याला नवी नाणी मिळतात.

बिटकॉइन २००९ मध्ये सुरू झालं तेव्हा साध्या प्रोसेसरवर काम भागायचं. २०१० पासून लोकांनी ग्राफिक्स कार्डं जुंपली, कारण एकच छोटं गणित एकाच वेळी हजारो ठिकाणी करणं हाच जीपीयूचा स्वभाव. २०१३ पासून फक्त याच कामासाठी घडवलेल्या एसिक चिपा आल्या आणि बिटकॉइनच्या शर्यतीतून जीपीयू बाद झालं. मग २०१५ मध्ये इथेरियम आलं. त्याचं गणित मुद्दाम असं रचलं होतं की त्याला मेमरी खूप लागते. त्यासाठी कार्डाच्या मेमरीत एक मोठी फाइल ठेवावी लागायची. ती सुरुवातीला १ जीबीच्या आसपास होती आणि दर काही दिवसांनी वाढत जायची. २०२० संपता संपता ती ४ जीबीच्या पुढे गेली आणि ४ जीबीची कार्डं एका झटक्यात निकामी ठरली. माझं कार्ड ८ जीबीचं होतं, म्हणून मी टिकलो.

सेटिंग करताना

आधी कार्डाचा ड्रायव्हर नीट टाकायचा. मग नाणी ठेवायला वॉलेट काढायचं. त्याचे गुप्त शब्द कागदावर लिहून ठेवायचे, मोबाइलमध्ये फोटो काढून नाही. एकटं कार्ड शर्यत जिंकायला जन्म जाईल, म्हणून पूलमध्ये सामील व्हायचं. पूल म्हणजे भिशी नव्हे, मजुरांची टोळी समजा. काम सगळ्यांनी करायचं आणि बक्षीस केलेल्या कामाच्या प्रमाणात वाटून घ्यायचं. शेवटी मायनर प्रोग्रॅम, आणि एका छोट्या फाइलमध्ये पूलचा पत्ता, वॉलेटचा पत्ता व मशीनचं नाव. झालं!

इथे पहिला सावधानतेचा इशारा. मायनर नेहमी मूळ लेखकाच्याच ठिकाणाहून घ्यावा. 'फी काढून टाकलेली' कॉपी मित्राच्या पेनड्राइव्हवरून घेतली, की कष्ट तुमच्या कार्डाचे आणि नाणी दुसऱ्याच्या वॉलेटमध्ये असा प्रकार होऊ शकतो. अँटिव्हायरस असे प्रोग्रॅम अडवतो तेव्हा तो बंद करा असं सांगणारे सल्लागार बरेच भेटतात. त्यांना लांबूनच नमस्कार!

खरी गंमत ट्यूनिंगमध्ये

नवशिक्याला वाटतं, ऑप्टिमाइझ करायचं म्हणजे सगळं फुल्ल. इथेच गाडी चुकते. इथेरियमचं गणित मेमरीच्या वेगावर अडायचं. म्हणजे रेशनच्या दुकानात धान्य मोजणारा एकच आणि हिशोब लिहायला दहा कारकून. कारकुनांना कितीही पळवलं तरी रांग मोजणाऱ्यापाशीच थांबणार. म्हणून कारकुनांचा, म्हणजे कोअर क्लॉकचा वेग कमी करायचा, त्यांचं व्होल्टेज उतरवायचं आणि मोजणाऱ्याचा, म्हणजे मेमरी क्लॉकचा वेग हळूहळू वाढवायचा. वेग उतरला तर खर्च होणारी वीज त्याच प्रमाणात उतरते, पण व्होल्टेज उतरलं तर साधारण त्याच्या वर्गाच्या प्रमाणात. इलेक्ट्रिकलवाल्यांना हे वेगळं सांगायला नको.

माझ्याकडे दादाचं जुनं आरएक्स ५८० होतं. काही न बदलता ते २३ मेगाहॅशच्या आसपास द्यायचं आणि पूर्ण कॉम्प्युटर भिंतीच्या सॉकेटवर २३५ वॅट खायचा. कोअर १३४० वरून ११५० मेगाहर्ट्झवर आणला, व्होल्टेज उतरवलं, मेमरीचं टायमिंग घट्ट केलं. आठवडाभराच्या खटपटीनंतर २९ मेगाहॅश आणि १६५ वॅट! काम वाढलं, वीज घटली. वॅटमागे हॅश जवळजवळ पावणेदोन पट. त्या रात्री मला जो आनंद झाला तो सेमिस्टर क्लिअर झाल्यावरही झाला नाही.

या खटपटीतून शिकलेले चार नियम :

१) एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहून ठेवा.
२) प्रत्येक बदलानंतर निदान काही तास चालू द्या. पाच मिनिटं टिकलेलं सेटिंग पहाटे तीनला हँग होतं.
३) स्क्रीनवरचा हॅशरेट हा स्वतःच दिलेला मार्क असतो. खरा निकाल पूलवर दिसतो. मेमरी जास्त ताणली की चुकीची उत्तरं वाढतात, पूल ती नाकारतो, आणि स्क्रीनवर आकडा मात्र छान दिसत राहतो.
४) कार्डाचं सॉफ्टवेअर अनेकदा फक्त चिपचे वॅट दाखवतं. बिल सॉकेटवरच्या वॅटचं येतं. मोजायचं तिथेच मोजा.

आपला उन्हाळा आणि हॉस्टेलचं वायरिंग

कॉम्प्युटरने घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते. त्यामुळे मायनिंगचं मशीन म्हणजे हिशोब करणारा हीटर. समजा कार्ड खोलीपेक्षा ३० अंशांनी जास्त तापतं. २५ अंशांच्या खोलीत ते ५५ वर राहील, तर ४३ अंशांच्या खोलीत ७३ वर. चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी ही नावं दर उन्हाळ्यात देशातल्या सर्वात तापलेल्या गावांच्या यादीत असतात. आमच्या गावाचं नाव सावली असलं तरी मे महिन्यात तिथेही सावली शोधावीच लागते! मग आपण कूलर लावतो. पण कूलरची हवा ओली असते. उघड्या मशीनवर ती थेट सोडली की धूळ चिकटून बसते आणि सांधे गंजायला लागतात. म्हणून कूलर माणसाकडे आणि मशीन खिडकीकडे असावं.

दुसरं वायरिंग. ज्युनिअर मंडळींच्या रूमवर परत येऊ. त्यांचं मशीन साधारण ४०० वॅटचं होतं, म्हणजे पावणेदोन अँपिअर. यात घाबरण्यासारखं काही नाही. पण ज्या एक्स्टेन्शन बोर्डावर ते होतं, त्याच बोर्डावर सकाळी पाणी तापवायचा १५०० वॅटचा रॉड लागायचा. तो साडेसहा अँपिअर. बेरीज सव्वाआठ, आणि बोर्ड होता ६ अँपिअरचा! वायरमन काकांनी बोर्डाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. "पोट्टेहो, रात्री झोपेत पेटला असता तं दार तरी सापडलं असतं का?" एवढंच बोलले ते. शिवाय दुसरं कार्ड ज्या रायझरवर होतं, त्याला वीज साटा कनेक्टरमधून दिली होती. तो कनेक्टर ५४ वॅटपर्यंतचा, आणि कार्ड स्लॉटमधून ७५ वॅटपर्यंत ओढू शकतं. प्लॅस्टिक पिवळं पडलेलं होतं. अशा ठिकाणी सहा पिनांची पीसीआय केबलच लावावी लागते.

आता हिशोब

माझ्या घरचा आधी. १६५ वॅट, चोवीस तास, तीस दिवस : ११९ युनिट. आमचं घर एरवी महिन्याला नव्वदच्या आसपास युनिट वापरायचं. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटनंतर वरचा टप्पा लागतो. म्हणजे पहिले दहा सोडले तर मायनिंगचे सगळे युनिट महाग दराने! मी मात्र हिशोब करताना स्वस्त दर धरला होता.

बिल आलं त्या दिवशी बाबा मीटरसमोर उभे होते. "बाबू, हा मीटर कायले येवढा पळून राहिला? वायरमनले बोलवू का?" मला खरं सांगावं लागलं. बाबा रागावले नाहीत, एवढंच विचारलं, "मंग कमाई किती झाली?" पूलची किमान रक्कम भरल्याशिवाय वॉलेटमध्ये काहीच येत नाही. माझी महिनाभरात ती भरली नव्हती. बिल मात्र वेळेवर आलं होतं. पुढे पैसे आले, आणि बिल वजा जाऊन थोडे उरलेही, खोटं कशाला सांगू. पण मे २०२१ मध्ये चार हजार डॉलरच्या वर गेलेला इथरचा भाव जूनअखेर निम्म्याच्या आसपास आला होता. आणि बिल भरलं होतं बाबांनी, धानाच्या पैशातून. माझ्या नफ्याच्या वहीत ती ओळच नव्हती.

त्यानंतर काळही बदलला. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने ही शर्यतच बंद करून दुसरी पद्धत घेतली. रिकामी झालेली कार्डं इथेरियम क्लासिक, रेव्हनकॉइन अशा छोट्या नाण्यांकडे वळली आणि तिथे वाटेकरी एकदम वाढले. तेव्हापासून साध्या कार्डाची कमाई बहुतेक वेळा आपल्याकडच्या विजेच्या दरालाही पुरत नाही. वर कर आहेच. एप्रिल २०२२ पासून अशा चलनाच्या नफ्यावर ३० टक्के, आणि मायनिंगच्या यंत्रांचा किंवा विजेचा खर्च त्यातून वजा करता येत नाही.

ज्युनिअर मंडळींचं मशीन : ४०० वॅट म्हणजे महिन्याला २८८ युनिट. सोपं पडावं म्हणून युनिटला १० रुपये धरले तर २,८८० रुपये. कॉलेज भरते म्हणजे कोण भरते? आपल्या सगळ्यांच्याच हॉस्टेल फीमधून जातात ते. दोघांचा 'प्रॉफिट' म्हणजे बाकीच्या पोरांनी न विचारता दिलेली वर्गणी! शिवाय एका युनिटला साधारण पाऊण किलोपर्यंत कोळसा लागतो. महिन्याला दोन क्विंटल. ऊर्जानगरच्या २,९२० मेगावॅटच्या केंद्राची राख ज्यांच्या घरावर पडते, त्यांना हा आकडा जास्त समजेल.

"मशीन नको, नुसते पैसे द्या"

मशीनची कटकट नको म्हणून कोणी 'क्लाउड मायनिंग'चं आमिष दाखवलं तर पुण्याचं गेनबिटकॉइन प्रकरण आठवा. आमचं मायनिंग चालतं, तुम्ही बिटकॉइन गुंतवा, महिन्याला १० टक्के याप्रमाणे १८ महिने परतावा घ्या, असं ते आश्वासन होतं. नंतर बिटकॉइनऐवजी लोकांच्या हातात एमकॅप नावाचं त्यांचंच एक नाणं ठेवण्यात आलं. २०१८ मध्ये पुण्यात गुन्हे नोंदले गेले, सूत्रधार म्हणून आरोप असलेल्याला अटक झाली, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातल्या तक्रारींचा तपास सीबीआयकडे दिला. वर सांगितलेला हिशोब ज्याने एकदा केला, त्याला लगेच कळतं : शर्यतीतले वाटेकरी वाढत जातात, भाव वरखाली होतो, मग दरमहा ठरलेले १० टक्के येणार कुठून?

मग कार्डाचं करायचं काय?

आमच्या ज्युनिअर मंडळींनी मशीन बंद केलं, पण एक चांगली गोष्ट केली. मशीन्स लॅबमधून वॅटमीटर मागून आणला आणि माझ्यासारखीच नोंदवही तयार केली. आता तीच कार्डं प्रोजेक्टसाठी, धानाच्या पानांवरचा रोग फोटोवरून ओळखणारं मॉडेल शिकवायला वापरतात. लॅबमध्ये, सरांना सांगून, दिवसा. पॉवर लिमिट थोडी उतरवली की मॉडेल शिकायला जरासाच वेळ जास्त लागतो, पण कार्ड कितीतरी थंड राहतं, हे त्यांना मायनिंगमुळेच माहीत होतं. शिकलेलं वाया जात नाही ते असं.

तुमच्यापैकी कोणी २०२२ नंतर बाजारात आलेलं मायनिंगचं जुनं कार्ड घेणार असेल, तर आधी पंखा हाताने फिरवून बघा, बायॉस मूळचं आहे का ते विचारा, आणि अर्धा तास लोडवर चालवूनच पैसे द्या.

आणि तरीही मायनिंग करून बघावंसं वाटलंच, तर एक दिवस करा. शिकण्यासाठी, मीटर लावून, स्वतःच्या पैशाने. दुसऱ्या दिवशी वहीत शेवटची ओळ लिहा : या विजेचे पैसे कोणी दिले? ती ओळ लिहिल्यावरही हिशोब बरोबर आला, तर मला नक्की सांगा. चहा माझ्याकडून!

– एक सावलीकर, अंतिम वर्ष (इलेक्ट्रिकल)