एटीएम कार्डातून न विचारता पैसे कापले गेले? तीन दिवसांच्या आत बँकेला कळवा



तूर, सोयाबीन, कापसाचे पैसे खात्यात पडले की कार्ड जास्त वापरलं जातं. हायवेच्या पंपावर, नवापूरच्या दुकानात, मोबाईलवरून. अशात एखाद्या दिवशी मेसेज येतो: पैसे कापले. तुम्ही तर काही घेतलेलंच नाही! मग काय करायचं?

*नियम काय सांगतो*
रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला परिपत्रक काढलं. सहकारी बँकांनाही त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तसाच नियम लागू झाला.
▪ चूक बँकेची असेल तर तुमचं नुकसान शून्य.
▪ चूक ना तुमची ना बँकेची, तिसऱ्यानेच चोरी केली, आणि तुम्ही कामाच्या ३ दिवसांत कळवलं, तरी नुकसान शून्य.
▪ ४ ते ७ दिवस लावले तर काही भार तुमच्यावर. जनधन खात्याला जास्तीत जास्त ५,००० रुपये, साध्या बचत खात्याला १०,०००.
▪ ७ दिवसांनंतर बँकेचं धोरण असेल तसं.

मेसेज आला तो दिवस मोजत नाहीत. शुक्रवारी मेसेज आला आणि दुसऱ्या दिवशी चौथा शनिवार असेल, तर सोमवार, मंगळवार, बुधवार हे तुमचे तीन दिवस. पण वाट बघू नका. कार्ड चालू राहिलं तर चोर पुन्हा पैसे काढतो.

*लगेच करायचं*
१) कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर फोन करून कार्ड बंद करा. तक्रार नंबर लिहून घ्या. गुगलवर शोधलेल्या कस्टमर केअर नंबरवर फोन करू नका, तिथेही ठग बसलेले असतात.
२) १९३० या सायबर हेल्पलाईनवर कळवा. जितकं लवकर, तितके पैसे पुढे जाण्याआधी अडवता येण्याची शक्यता जास्त.
३) शाखेत लेखी अर्ज द्या. तारीख, रक्कम, तक्रार नंबर लिहा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. पोच नसेल तर कधी कळवलं हे पुढे दाखवणार कसं?

*पुढे बँकेने काय करायचं*
कळवल्यापासून कामाच्या १० दिवसांत तेवढी रक्कम तात्पुरती खात्यात जमा दाखवायची आणि ९० दिवसांत निकाल लावायचा. चूक तुमची होती हे सिद्ध करणं बँकेचं काम आहे, तुमचं नाही.

३० दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. माहितीसाठी फोन १४४४८. १ नोव्हेंबर २०२५ पासून जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकाही त्यात आल्या आहेत.

*ओटीपी किंवा पिन सांगून बसलात तर?*
मग कळवेपर्यंत गेलेलं नुकसान तुमचं. पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून लाजून गप्प बसू नका, त्याच मिनिटाला फोन करा.

*आजच करून ठेवा*
खात्याला चालू मोबाईल नंबर जोडलेला आहे का पाहा. बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार बंद करा, ऑनलाईन वापरत नसाल तर तेही बंद. पिन कार्डावर लिहू नका. पंपावर कार्ड हातातून सोडू नका, मशीन तुमच्याकडे मागवा.

घरात ज्यांच्या नावावर खातं आहे, त्यांनाही हा मेसेज वाचून दाखवा. अर्ज लिहायला अडचण आली तर पासबुक घेऊन ऑफिसला या, लिहून देऊ. पिन मात्र आम्हालाही सांगू नका.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी, विसरवाडी