पिकअप बदलणाऱ्यांची पन्नास वर्षं

१९५४ साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमधून फेंडरची स्ट्रॅटोकास्टर गिटार बाजारात आली, तेव्हा तिच्यावर पिकअप तीन होते आणि टोनचे नॉब दोनच. एक गळ्याजवळच्या पिकअपसाठी, दुसरा मधल्यासाठी. ब्रिजजवळचा पिकअप सर्वांत तीक्ष्ण, पण त्याची धार कमी करायला वादकाच्या हाती टोनचा नॉबच नव्हता. तिच्याआधी आलेली टेलिकास्टर पोलादी ब्रिजमध्ये बसवलेल्या पिकअपमुळे आणखी खणखणीत वाजायची. कंट्री वाजवणाऱ्यांना ते हवंच होतं, कारण बास आणि ड्रम्सच्या गर्दीतूनही गिटार वेगळी ऐकू यायची. पुढे अॅम्प मोठे झाले, रॉकवाले ते पूर्ण उघडून वाजवू लागले आणि तोच खणखणीतपणा कानाला टोचायला लागला.

असं का व्हायचं, याचं उत्तर पिकअपच्या पोटात आहे. अल्निकोच्या सहा चुंबकदांड्या आणि त्यांच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे साधारण आठ हजार वेढे. या कॉइलचं प्रेरकत्व आणि केबलची धारिता मिळून एका ठरावीक पट्टीतला आवाज उचलून धरतात. फेंडरच्या सिंगल कॉइलमध्ये हा उंचवटा चार हजार हर्ट्‌झच्या आसपास येतो आणि माणसाचा कान नेमका याच पट्टीत फार हळवा असतो. वेढे वाढवले की प्रेरकत्व वाढतं, उंचवटा खाली सरकतो आणि आवाज भरीव होतो. पिकअप बदलून आवाजाला ऊब आणण्याच्या खटपटी बहुतांशी हा उंचवटा खाली आणण्याच्याच आहेत.

गिब्सनच्या सेथ लव्हर यांना ऊब शोधायचीच नव्हती. विजेची गुणगुण घालवण्यासाठी त्यांनी दोन कॉइल एकमेकींविरुद्ध जोडल्या आणि १९५५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. १९५७ पासून हे हमबकर लेस पॉलवर बसू लागले. दोन कॉइल तारेची हालचाल दोन जागी टिपतात, त्यात काही वरचे स्वर आपसांत विरतात. शिवाय उंचवटाही खाली येतो. गुणगुण गेली आणि गोलाई फुकटात मिळाली.

मग सत्तरच्या दशकात वादकांनी सरळ लाकडाला हात घातला. कीथ रिचर्ड्‌सने आपल्या जुन्या टेलिकास्टरच्या गळ्याजवळ गिब्सनचा हमबकर बसवून घेतला. लंडनमध्ये काम करणाऱ्या सेमूर डंकनने जेफ बेकसाठी एका टेलिकास्टरमध्ये जुन्या गिब्सन फ्लाइंग व्हीचे दोन हमबकर घातले. ‘टेली-गिब’ म्हणून ती गिटार ओळखली जाते आणि १९७५ च्या ‘ब्लो बाय ब्लो’वर ती ऐकू येते. आवाज जाड आहे, पण टेलीचा ठसका गेलेला नाही. या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत सुंदर प्रयोग म्हणावा लागेल. पुढच्याच वर्षी डंकन यांची कंपनी सांता बार्बरात उभी राहिली.

बाजार मात्र त्याआधीच खुला झाला होता. १९७२ मध्ये लॅरी डिमार्झिओ यांनी ‘सुपर डिस्टॉर्शन’ आणला. त्यात सिरॅमिक चुंबक होतं, वेढे भरपूर होते आणि अॅम्पला फाटेपर्यंत रेटायचं हाच हेतू होता. तो हेतू त्याने चोख पार पाडला. पण त्यातून एक गैरसमजही रुजला, की जास्त किलोओहमचा पिकअप म्हणजे जास्त ऊब. तार बारीक वापरली तर तेवढ्याच वेढ्यांतही रोध वाढतो, त्यामुळे तो आकडा एकटा काही सांगत नाही. ताकद वाढवायच्या नादात अनेक चांगल्या गिटारी नुसत्या गढूळ झाल्या.

त्याच काळात उलट दिशेचं कामही चाललं होतं, आणि ते करणारे सेथ लव्हरच होते. १९६७ मध्ये ते फेंडरकडे गेले आणि तिथे त्यांनी ‘वाइड रेंज’ हमबकर घडवला. तांबं, निकेल आणि लोखंड यांच्या मिश्रधातूचे चुंबकच त्यात आटे पाडून स्क्रूसारखे वापरले होते. ऊब होती, तरी आवाज गिब्सनपेक्षा स्वच्छ, फेंडरच्या घराण्याला शोभणारा. पुढे हा मिश्रधातू मागे पडला आणि नंतरच्या प्रतिकृतींमध्ये बाहेरून तोच चेहरा, आत साधा हमबकर असा प्रकार बरीच वर्षं चालला. मूळ चुंबकांसह फेंडरने तो पुन्हा काढला २०२० मध्ये.

डेव्हिड गिल्मोरचा मार्ग याहून साधा. त्याने काळ्या स्ट्रॅटच्या ब्रिजला आधी डिमार्झिओचा एफएस-१ लावला आणि १९७९ च्या सुमारास सेमूर डंकनचा जास्त वेढ्यांचा सिंगल कॉइल. नेहमीच्या स्ट्रॅट पिकअपचा रोध सहा किलोओहमच्या आसपास असतो, याचा जवळपास दुप्पट. इथे वाढलेल्या आकड्यामागे खरोखरच वाढलेले वेढे होते. लाकूड न कोरता धार गोल झाली आणि गिटार स्ट्रॅटच राहिली.

नंतर सिंगल कॉइलच्या जागेत मावणारे, पात्यांचे हमबकर आले. एडी व्हॅन हेलनच्या पाठोपाठ ब्रिजला हमबकर असलेल्या स्ट्रॅटची तर लाटच आली आणि तिच्याबरोबर एक नवी अडचणही. हमबकरला ५०० किलोओहमचा पॉट (व्हॉल्यूमच्या नॉबखालचा बदलता रोध) मानवतो, पण त्याच पॉटवर उरलेले दोन सिंगल कॉइल जास्तच तळपतात. २५० चा ठेवला, तर हमबकर दबतो. जाणकार कारागीर ५०० चाच पॉट घालून सिंगल कॉइलच्या वाटेवर ४७० किलोओहमचा रेझिस्टर समांतर जोडून देतात. मग स्विच फिरवला की सिंगल कॉइलना साधारण २४० किलोओहमचा भार मिळतो आणि हमबकरला पूर्ण ५०० चा.