संमतीपत्रावर अंगठा म्हणजे सहभाग नव्हे

गुणात्मक संशोधनात मुलाखत देणाऱ्याला आपण सर्रास 'सहभागी' म्हणतो. पण प्रश्न आपले, अर्थ लावणार आपण आणि प्रबंधावर नावही आपलंच. मग त्यांचा सहभाग नेमका कशात?

रायगडमध्ये पेण-रोह्याकडे हा प्रश्न फार जवळून दिसतो. इथल्या कातकरी वाड्यांपैकी अनेक दुसऱ्याच्या जमिनीवर आहेत. घर यांचं, सातबारा दुसऱ्याचा. मुंबई सरकत आली, जमिनीचे भाव वाढले आणि मालकाने कुंपण घातलं तर जायचं कुठे, ही भीती आली. अशा ठिकाणी आपण शिक्षण आणि उत्पन्नाची प्रश्नावली घेऊन गेलो, तर माहिती मिळते. वाडीचा प्रश्न मात्र तसाच राहतो.

डॅनियल बकल्स आणि राजीव खेडकर यांनी रायगड-ठाण्यातल्या कातकऱ्यांसोबत वेगळ्या पद्धतीने काम केलं. त्यावरचं 'फायटिंग एव्हिक्शन' हे पुस्तक 2013 मध्ये आलं. त्यात संशोधनाचा विषयच मुळी लोकांची अडचण हा होता. जमीन कोणाची, आपल्याकडे कागद कोणते, निर्णय कोणाच्या हातात, आपल्या बाजूने कोण उभं राहील, याचा शोध लोकांनी मिळून घ्यायचा. वस्तीला गावठाण म्हणून मान्यता मिळावी, या मागणीला त्याचा आधार झाला.

हे प्रत्यक्षात करायचं तर काय बदलतं?

पहिलं, वेळापत्रक. दिवाळीनंतर बरीच कुटुंबं वीटभट्टीवर, कोळसा पाडायला बाहेर पडतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. जानेवारीत वाडीवर जाऊन 'सगळ्यांशी बोललो' असं लिहिता येत नाही.

दुसरं, संमती. जमिनीच्या कागदांना घाबरलेल्या माणसाकडे आपण अंगठा मागतो! आधी तो कागद मोठ्याने वाचून दाखवायला हवा, आणि पुढच्या प्रत्येक टप्प्यावर परत विचारायला हवं.

तिसरं, नकाराचा हक्क. कोणाच्या घराचा कागद नाही, हे दाखवणारा नकाशा वाडीच्या कामाचा असतो. तोच मालकाच्या हाती पडला तर हुसकावण्याची यादी होते. म्हणून काय छापायचं नाही, हे ठरवणं त्यांच्याकडे.

चौथं, मजुरी. बैठकीत गेलेला दिवस म्हणजे बुडालेला रोज. सहसंशोधक म्हणायचं तर तो भरून द्यायला हवा.

यातही पेच आहेतच. वाडीचा आवाज एकच नसतो. बैठकीत पुरुष बोलतात, बायका मागे बसतात. त्यांच्याशी वेगळं बसावं लागतं. आणि शेवटी पीएचडी मिळणार ती मलाच. ही विषमता कुठल्याच पद्धतीने पुसली जात नाही. ती पहिल्याच दिवशी सांगून टाकायची, आणि जाताना नोंदींची प्रत, नकाशा, कागदांची यादी वाडीकडेच ठेवायची. पुढचा अर्ज त्यांना त्यावरूनच करायचा असतो.